एक दंडुका, पाच जिभा

रात्रपाळी सुटली की अंगावरचा कापूस झाडत मी आज्जाजवळ बसायचो. आज्जा गिरणीत साचेखात्यात होता. तो सांगायचा, १९७५ साली चाळीतल्या खोलीत त्यानं वीस कलमांचा कागद चिकटवला होता. बाबासाहेबांच्या फोटोखाली.

२५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. लाखावर माणसं आत टाकली. पेपरांवर सेन्सॉर बसला. दोस्तहो, दंडुका एकच होता, पण सरकार ज्याच्या-त्याच्या भाषेत बोललं.

गरिबाला सांगितलं, जमीन वाटू, घराला जागा देऊ, वेठबिगारी मोडू. पांढरपेशाला सांगितलं, शिस्त आली, गाड्या वेळेवर धावतात. मालकाला सांगितलं, संप बंद. डाव्यांना सांगितलं, ही फॅसिस्टांविरुद्धची लढाई आहे. भारतीय कम्युनिस्ट पक्षानं मान डोलवली. परदेशाला सांगितलं, लोकशाही वाचवायलाच हे केलं.

कोर्टात मात्र गोड बोलायची गरज पडली नाही. तिथं सरकारची बाजू अशी, की बेकायदा जीव घेतला तरी आणीबाणीत दाद मागता येत नाही. २८ एप्रिल १९७६ ला पाचातल्या चार न्यायमूर्तींनी अटकेविरुद्धचा दरवाजा बंद केला. एकटे एच. आर. खन्ना नाही म्हणाले. दाद मागायच्या ज्या हक्काला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटलं, त्याचंच तोंड दाबलं.

आज्जा येडा नव्हता. वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा खरंच झाला. नुसती थाप असती तर कोण फसलं असतं? थोडं खरं मिसळलं म्हणूनच तर गिळलं.

पण सप्टेंबर १९७५ मध्येच किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला होता. शेजारच्या साच्यावरचा गडी गेटवर त्याविरुद्ध बोलला. पोलिसांनी उचलला. आज्जा खाली मान घालून धोटा भरत राहिला. घरी येऊन कागद फाडला, पण खळीचा डाग भिंतीवर राहिला. "आपलाच माणूस व्हता रं," मरेस्तोवर म्हणायचा.

१९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती झाली. आणीबाणीच्या कलमातला 'अंतर्गत अशांतता' शब्द गेला, 'सशस्त्र बंड' आला. शब्द बदलला. जिभा तशाच आहेत. इथं आणि दुसऱ्या देशातही.

म्हणून सरकार आपल्याशी गोड बोलायला लागलं, की आपण पहिल्यांदा शेजारच्या साच्यावर जायचं. त्याला विचारायचं, तुला काय सांगितलं रं?