राजधानीतले खळे

दिल्ली पाहायला गेलेली आपली मंडळी इंडिया गेटपाशी फोटो काढतात आणि माघारी फिरतात. त्याच कमानीच्या पाठीशी, पूर्वेला, मेजर ध्यानचंद राष्ट्रीय क्रीडांगण आहे. तिकडे फारसे कुणी वळत नाही. शेतकऱ्याने मात्र ते जरूर पाहावे, कारण त्याची कथा आपल्या खळ्यासारखी आहे. सुगीत खळ्यावर मळणी होते, उन्हाळ्यात तिथेच लग्नाची पंगत बसते, एखाद्या रात्री कीर्तनही होते. जागा एक, कामे अनेक.

हे क्रीडांगण १९३३ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभे राहिले. तेव्हा त्याला माजी व्हाइसरॉय आयर्विन यांचे नाव होते. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला. त्या दुपारी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद सहा घोड्यांच्या बग्गीतून इथे आले आणि प्रजासत्ताक दिनाचे पहिले संचलन याच मैदानावर झाले. पाहुणे होते इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो. हे संचलन राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावर, कायमचे गेले ते १९५५ पासून.

त्यानंतर वर्षभराने, मार्च १९५१ मध्ये, इथे पहिले आशियाई खेळ भरले. त्या सुमारास आयर्विनचे नाव जाऊन ‘राष्ट्रीय क्रीडांगण’ हे नाव आले. ११ देशांचे खेळाडू जमले होते. मुंबईच्या लेव्ही पिंटोने १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. फुटबॉलमध्ये आपण इराणला एका गोलने हरवले. स्वातंत्र्याला चार वर्षेही झाली नव्हती, घरात धान्याची टंचाई होती, तरी देशाने आशियाला आपल्या अंगणात बोलावले.

२००२ साली क्रीडांगणाला ध्यानचंदांचे नाव मिळाले. फौजेत साधे शिपाई म्हणून भरती झालेल्या या गड्याने १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणली. आता हे मैदान मुख्यतः हॉकीचे आहे. २०१० मध्ये विश्वचषकाचे सामने इथेच झाले आणि पहिल्याच दिवशी आपण पाकिस्तानला ४-१ असे हरवले.

काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची सहल घेऊन मी पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत गेलो होतो. सवड काढून आम्ही हे मैदानही पाहिले. हॉकीच्या कृत्रिम हिरवळीवर फवाऱ्याने पाणी मारणे चालू होते. चेंडू सरळ आणि वेगाने सरकावा म्हणून ती ओली करावी लागते. आमच्यातले एक आप्पा बघत राहिले आणि म्हणाले, “सायेब, उगवत नाही त्याला एवढं पाणी, आन् आमच्या उगवणाऱ्याला रातच्या लाइटीची वाट!”

सगळे हसले. पण त्या हिरवळीची किंमत आपल्या पोरांनी मोजली आहे. १९७५ चा विश्वचषक आपण जिंकला. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकला हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली आणि आपण सातवे आलो. माती-गवतावर खेळणाऱ्या पोरांना तसे मैदान सरावाला मिळणार कुठून? १९८० नंतरचे ऑलिंपिक पदक यायला २०२१ साल उजाडले.

तशी हिरवळ गावोगाव होणार नाही, हे उघड आहे. पण आहे ती मोकळी जागा राखणे आपल्या हातात आहे. आमच्या गावी शाळेमागे मैदान आहे. पोळ्याला बैल तिथेच जमतात, यात्रेत कुस्त्यांचा फड तिथेच भरतो, भरतीसाठी पोरे पहाटे तिथेच धावतात. तिथे आता गाळे काढायचे घाटते आहे. गाळ्यांचे भाडे ग्रामपंचायतीला हवे आहे, तेही खोटे नाही. मी सभेत इतकेच म्हणालो, की गाळ्यांना दुसरी जागा शोधता येईल, मैदानाला ती कुठून आणणार?

निर्णय पुढच्या ग्रामसभेत आहे. आपल्याही गावी असा विषय निघाला असेल, तर त्या दिवशी खुरपणी दुपारनंतर ठेवा आणि घरच्या बायामाणसांना घेऊन सभेला जा.