समुद्राखालचे अभयारण्य

केडगावच्या माणसाने समुद्राच्या गोष्टी कराव्यात, म्हणजे कोकण्याने ज्वारीच्या पेरणीवर बोलण्यासारखेच! आमच्याकडचे ढग बहुधा नगरला नुसता नमस्कार करून पुढे जातात. अशा गावात जन्म काढलेल्या माझ्या आईने ७४ व्या वर्षी फर्मावले, "समुद्र पाहायचाय. वरून नव्हे, आतून."

महाराष्ट्रात ६ राष्ट्रीय उद्याने आहेत, पण पाण्याखालचे एकही नाही. देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली कच्छच्या आखातात, जामनगरकडे झाले. आपल्याकडे आहे ते मालवणचे सागरी अभयारण्य. १९८७ सालचे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे.

चिरंजीवांनी मालवण धरले, सौ.नी जामनगर. मग भिंतीवरची दिनदर्शिका खाली आली, कारण या प्रवासाला गाडीच्या वेळेआधी तिथी पाहावी लागते. आखातातल्या नरारा बेटावर ओहोटीला प्रवाळांपर्यंत चक्क चालत जाता येते. अमावास्येच्या उधाणाला ओहोटीही मोठी, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतरचे दोन दिवस उत्तम. मालवणात नेमके उलटे. तिथे तोंडावर काचेचा मुखवटा आणि नळी लावून पाण्यात तरंगायचे. गाळ ढवळणारे उधाण नको, अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती बरी.

नराऱ्याचा मोह मला होता. पण ओल्या, निसरड्या खडकांवर आईचे गुडघे कसे टिकायचे? शिवाय प्रवाळ हा दगड नव्हे, इवल्या जिवांची वसाहत आहे. त्याचे गोलसर ढीग वर्षाकाठी काही मिलिमीटर वाढतात. आपल्या एका चपलेखाली किती वर्षे मोडावीत?

मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला विरोध केला होता. बापजाद्यांनी जिथे जाळी टाकली तिथे सरकारने रेघ ओढली, तर कुणाला रुचेल? त्यांचे म्हणणे मला पटते, आणि प्रवाळ तुटू नयेत असेही वाटते. होडीवाल्याला एवढेच विनवायचे ठरवले आहे, की बाबा रे, नांगर खडकावर टाकू नकोस.

तर कार्तिक शुद्ध अष्टमी, मालवण. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असा रस्ता. आईने होडीत बसावे आणि नातवाने खालचे वर्णन सांगावे, अशी सोय मी सुचवली. ती फेटाळली गेली. नळीतून श्वास घेता येतो, हे तिला पटत नाही. रोज सकाळी न्हाणीत बादलीत तोंड बुडवून ती मनात आकडे मोजते. काल सतरापर्यंत पोहोचली.