गोळी लपवायचीही नाही, सोडायचीही नाही

अकरावीत मला पहिली फिट आली आणि सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू झालं. आई गोळ्या बिट्टन मार्केटमधून आणायची, भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवून. वर मेथी-कोथिंबीर. बोभाटा झाला तर मुलीचं लग्न अडेल, ही तिची काळजी. ती उगाच नव्हती. हिंदू विवाह कायद्यातही अपस्माराच्या कारणावरून लग्न रद्द ठरवता यायचं. १९९९च्या दुरुस्तीने ते कलमातून काढलं. कायदा बदलला, घरांना मात्र वेळ लागतो.

गोळीने आपलं काम चोख केलं. बीई झालं, नोकरी लागली. लग्न ठरताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे मूल हवं असं ठरल्यावर आम्ही दोघं आधी न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. सासूबाईंनी प्रेमानेच सुचवलं होतं, "बाळ होईपर्यंत गोळ्या बंदच कर ना गं!"

डॉक्टरांनी समजावलं ते असं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत ती वेळ जवळजवळ संपलेली असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदणीत, व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या शंभरातल्या सुमारे १० बाळांत मोठे जन्मदोष आढळले. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम घेणाऱ्यांत हेच प्रमाण ३च्या आसपास होतं. व्हॅल्प्रोएटचा डोस जितका जास्त, तितका धोका जास्त. शिवाय मुलाच्या बुद्धीवर, बोलण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि तो सोनोग्राफीत दिसत नाही.

मग सासूबाईंचं म्हणणं बरोबर नाही का? नाही. गोळी अचानक बंद केली तर मोठ्या फिट येऊ शकतात. आई पडते, बाळाचा ऑक्सिजन कमी होतो, कधी आईच्या जिवावर बेततं. म्हणून औषध बंद करायचं नसतं, बदलायचं असतं. तेही दिवस राहण्याआधी आणि हळूहळू.

माझ्या बदलाला आठ महिने लागले. मधे एक फिट आली. स्कूटी बंद झाली, नवरा ऑफिसला सोडायचा. फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू केलं. दिवस राहिल्यावर लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी खाली जाते, म्हणून तपासण्या करून डोस वाढवावा लागला. विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीच्या आदल्या रात्री घरात कुणालाच झोप नव्हती. सगळं ठीक निघालं. लेक आता तीन वर्षांची आहे.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८पासून अशा गर्भवतींची नोंद ठेवली जाते. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी मुलं होतात, हे आपल्या देशातही दिसलेलं आहे. पण त्यासाठी आधी बोलावं लागतं. ज्या सुनेची गोळी सासरी कुणाला ठाऊक नाही, ती डॉक्टरांकडे कोणाला घेऊन जाणार?

मैत्रिणींनो, फिटची कुठलीही गोळी चालू असेल तर लग्नाच्या बोलण्यातच सांगा, आणि बाळाचा विचार करण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना भेटा. आधीच दिवस गेले असतील तर गोळी न सोडता त्याच दिवशी फोन करा. आणि मुलाकडच्यांनो, एखादी मुलगी हे स्वतःहून सांगते, तेव्हा ती तुमच्या नातवंडाची काळजी आत्तापासूनच घेते आहे.