ठेसन आणि मुंगूस

वार्षिक अंकासाठी इंग्रजी विषयाच्या वर्षभरातील कार्याचा वृत्तांत लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. असा वृत्तांत लिहिणे अवघड नसते. पाठांतराच्या स्पर्धा किती झाल्या, तोंडी परीक्षेची तयारी कशी करून घेतली, पारितोषिके कोणास मिळाली, एवढे मांडले की पान भरते. परंतु यंदा माझ्या वर्गात एक निराळी गोष्ट घडली. तीत दोष माझा होता आणि यश एका विद्यार्थ्याचे होते. तीच येथे नमूद करावी असे मनाने घेतले.

जून महिन्यात शाळा उघडताच आम्ही एक उपक्रम आरंभिला. पंधरवड्यातून एकदा इंग्रजीचा तास चार भिंतींबाहेर घ्यावयाचा, व जे दिसेल त्यावर प्रत्येकाने दोन वाक्ये इंग्रजीत बोलावयाची. पहिली फेरी मोडनिंबच्या रेल्वे स्थानकावर झाली. आपल्या गावावरून जाणारा हा लोहमार्ग जुना आहे. बार्शी लाइट रेल्वेची कुर्डुवाडी–पंढरपूर शाखा १९०६ साली सुरू झाली. तिच्या दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट होते, आणि त्या चिमुकल्या गाडीने कित्येक वर्षे वारकऱ्यांना पंढरीस पोहोचविले. आज त्या जागी रुंद मार्ग आहे. तिकीट, सिग्नल, गार्ड, प्लॅटफॉर्म असे कितीतरी इंग्रजी शब्द ह्या गाडीनेच आपल्या गावात आणून सोडले आहेत. म्हणून आरंभ तेथून केला.

फलाटावर इयत्ता नववीतील एक विद्यार्थी उभा राहिला. हायस्कूलची पायरी चढलेला त्याच्या घरातील हा पहिलाच मुलगा. त्याने धीर करून वाक्य म्हटले. वाक्य बरोबर होते. मात्र 'स्टेशन' हा शब्द त्याच्या तोंडून घरच्यासारखा 'ठेसन' असा आला. मला हसू आवरले नाही. शिक्षकच हसले म्हटल्यावर वर्गास मोकळीक मिळाली. परतीच्या वाटेवर त्या मुलास 'ठेसन' हे टोपणनावही मिळाले, आणि ते ऐकूनही मी न ऐकल्यासारखे केले.

त्यानंतर त्या मुलाने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. पाळी आली की तो खाली मान घालून उभा राही. वही मात्र स्वच्छ व लेखन शुद्ध. मी मनाशी ठरवून टाकले की, मुलगा कष्टाळू आहे, पण बुजरा आहे. आपल्या दोषाला दुसऱ्याच्या स्वभावाचे नाव देणे किती सोपे असते!

सत्राच्या अखेरीस पालकसभा झाली. त्याची आई शेतातून तशीच आली होती. मी म्हणालो, "मुलगा वर्गात बोलत नाही." ती बाई चकित होऊन म्हणाली, "सर, घरी म्हशीम्होरं मोठ्यानं इंग्रजी वाचतंय की! मग साळंतच का बोलत न्हाई? काय चुकतंय त्याचं?" त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, परंतु ते देण्याचे धैर्य त्या क्षणी झाले नाही.

त्या रात्री मला माझे बालपण आठवले. मी मिशनच्या वसतिगृहात राहून शिकलो. आमच्या इंग्रजीच्या शिक्षकांची एक रीत होती. आम्ही कितीही वेडेवाकडे वाक्य बोललो तरी ते 'चूक' असा शब्द उच्चारीत नसत. तेच वाक्य ते शुद्ध करून, जणू आमचेच आहे असे, पुन्हा म्हणत व पुढे जात. आम्हांस वाटे, आपणच ते बोललो. त्या ऋणावर मी पदवीधर झालो, आणि ते फेडण्याची वेळ आली तेव्हा फलाटावर उभा राहून हसलो!

दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे माझी चूक कबूल केली. टोपणनाव बंद केले आणि गुरुजनांची ती रीत स्वीकारली. मुलगा काही बोलला नाही. मात्र त्या दिवशी त्याने मान खाली घातली नाही.

द्वितीय सत्रात आम्ही शब्दसंग्रहाचा उपक्रम घेतला. एके दिवशी मी फळ्यावर अनेकवचने लिहीत होतो. 'गूस' म्हणजे हंसासारखा एक पक्षी, त्याचे अनेकवचन 'गीस'. एका विद्यार्थिनीने विचारले, "मग 'मंगूस'चे अनेकवचन 'मंगीस' व्हावे ना?" मी म्हणालो, "नाही, 'मंगूसेस'. पण का बरे?" वर्ग स्तब्ध झाला. इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तो त्यांचा शब्दच न्हाई. आपलं मुंगूस हाय ते." वाचनालयातील मोठ्या शब्दकोशात त्याने ते शोधून ठेवले होते. गोष्ट खरी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द मराठीतून इंग्रजीत गेला. इंग्रजांच्या जिभेला आपला उच्चार साधला नाही, म्हणून मुंगुसाचा 'मंगूस' झाला. सोलापूरचे 'शोलापूर' आणि पुण्याचे 'पूना' त्यांनीच केले. आमच्या 'ठेसन'ने त्याहून अधिक काय केले होते?

मग मी मुलांस सांगितले की, परकी भाषा शिकणारा प्रत्येक जण प्रथम अडखळतोच. फादर स्टीफन्स हे इंग्रज गृहस्थ १५७९ साली गोव्यात आले. ते येथील भाषा शिकले, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' ओवीछंदात प्रसिद्ध झाले. मोल्सवर्थ ह्यांनी मराठी पंडितांच्या साहाय्याने रचलेला मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्यांनाही कोणीतरी धीराने ऐकून घेतलेच असेल.

२००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरी नववीत आलेले मूल दोन वाक्ये बोलण्यास कचरते. माझ्या वर्गापुरते तरी मी सांगू शकतो की, उणीव शब्दांची नव्हती. भय हास्याचे होते.

असो. यंदा आमच्या वर्गाने इंग्रजीत गेलेल्या भारतीय शब्दांची एक वही तयार केली. तिचे पहिले पान 'मुंगूस' ह्या शब्दाचे असून अक्षर त्या विद्यार्थ्याचे आहे. मुलींनी आठवडी बाजारावर लहान संवाद रचून स्नेहसंमेलनात सादर केला. वर्षाच्या शेवटी आम्ही पुन्हा स्थानकावर गेलो. त्या मुलाने पाच वाक्ये म्हटली, शब्दही स्पष्ट उच्चारला. मी शाबासकी दिली तेव्हा तो हळूच म्हणाला, "सर, इंग्रजीत स्टेशन, पण आईसंगं बोलताना ठेसनच म्हणणार."

पालकांस एकच विनंती आहे. मूल घरी इंग्रजी वाचू लागले तर समजो वा न समजो, जवळ बसून ऐकावे. म्हशीने ते वर्षभर केले. आम्ही शिक्षक ते जरा उशिरा शिकलो.