सव्वा लिटरची गोष्ट

थर्ड इयर मेकॅनिकलची परीक्षा संपवून घरी गेलो, तेव्हा डोक्यात थर्मोडायनॅमिक्स आणि हातात पाना होता. बाबांची गाडी जुनी, हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगची. "हल्ली पेट्रोल फार पिते रे," एवढंच ते म्हणाले. झालं! घरचा इंजिनिअर कामाला लागला.

माझं लॉजिक सोपं होतं. स्टीअरिंगचा पंप क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो. गाडी सरळ रस्त्यावर असली तरी तो बिचारा तेल फिरवतच राहतो, म्हणजे इंजिनची ताकद फुकट जाते. आमच्या गाडीत या पंपाचा पट्टा वेगळा होता. दहा मिनिटांत काढला. बाबांना म्हटलं, "थोडी जड लागेल, सवय होईल." बाबांनी एकही शंका काढली नाही. मुलगा इंजिनिअर होतोय ना!

पहिल्या टाकीला अॅव्हरेज १४.२ वरून १४.६ वर गेलं. मी जाम खूश. पण खरं सांगतो मित्रांनो, त्याच दिवशी मी चारही टायरमध्ये हवा भरली होती. दोन व्हेरिएबल एकदम बदलले! असलं रीडिंग जर्नलमध्ये लिहिलं असतं, तर सरांनी जर्नल तोंडावर फेकलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या शेजारी बसून बाजारात निघालो होतो. आमच्या गल्लीच्या वळणावर एक पोरगा चेंडूमागे धावत आला. बाबांनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग ओढलं. ते फिरेना. ब्रेक लागला म्हणून वाचलो. पोरगा आणि बंपर यांत वीतभर अंतर. बाबा काही बोलले नाहीत, फक्त उजवा खांदा चोळत राहिले. आई रात्री म्हणाली, "पंधरा दिवस रोज बाम लावतेय मी त्यांना."

मग मी अक्कल वापरली. मुळात साधं स्टीअरिंग म्हणजे वेगळी चीज. त्याचं गिअरिंग हाताच्या जोराचा विचार करून ठेवतात, चाक जास्त वेळा फिरवावं लागतं पण हलकं पडतं. पॉवरवाल्यात हा हिशेब पंपाच्या भरवशावर केलेला असतो. पट्टा काढला की जोर आपला, वर आतलं तेलही आपणच ढकलायचं. फुकट जाणारी ताकद वाचवायचा खरा उपाय कंपन्यांनी केव्हाच काढलाय, इलेक्ट्रिक स्टीअरिंग. मोटर वळवतानाच जोर लावते, एरवी जवळपास गप्प बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पट्टा परत चढवला. बाबांनी विचारलं, "मग, किती वाचत होतं रे?"

महिन्याला ४० लिटर पेट्रोल, सगळं श्रेय पट्ट्याला दिलं तरी जेमतेम ३ टक्के.

"सव्वा लिटर," मी म्हणालो.

बाबा हसले. "बामची बाटली धरलीस का त्यात?"

व्हायवात असा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही.