मिटिंग कुठे भरवायची?

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. लहान मुलांच्या पालकांसाठीचा एखादा उपक्रम अमरावती शहरात चांगला चालला, तर तो धारणीला किंवा अकोल्याकडच्या खेड्यांत कसा न्यायचा, यावर ती अभ्यास करते आहे. "आजी, तुझा अनुभव सांग ना." म्हटलं, अनुभव फजितीचा आहे, चालेल का?

नोकरीच्या सुरुवातीला मी अकोल्याजवळच्या एका खेड्यात होते. दिवाळीनंतर पालकसभा ठेवली. दुपारी बारा वाजता, शाळेत. मुलांच्या हाती चिठ्ठ्या पाठवल्या. चार बाप्ये आले, आई एकही नाही. मी रजिस्टरात शेरा मारला, 'पालक उदासीन'. आठवड्याने विहिरीवर एक आई भेटली. म्हणाली, "बाई, दिवसा कापूस येचाले जा लागते. सांजीले घरी या न." चिठ्ठी वाचणारं तिच्या घरी कोणी नव्हतं, हेही तेव्हाच कळलं. गेले, तर तिच्या ओसरीवर अकरा बाया जमल्या होत्या.

नातीला ताराबाई मोडकांचं सांगितलं. लग्नानंतर त्या काही वर्षं आपल्या अमरावतीत होत्या. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढलं. १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, तेव्हा शहरातली पद्धत तिथे जशीच्या तशी चालेना. मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. मुलं गुरांमागे जातात, म्हणून कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं आली. मुलाला स्वतःच्या हाताने करू द्यायचं, एवढं मात्र बदललं नाही.

२०२२ मध्ये 'पहिले पाऊल' अभियानात राज्यभर गावोगावी आयांचे गट झाले. घरच्याच वस्तूंनी मुलाला शिकवायचं, ही त्यातली कल्पना मला फार आवडली. डाळ निवडायला अकोल्यातही बसतात आणि मेळघाटातही. पण तिथली आई लेकराशी कोरकूत बोलते आणि तिची सवड वेगळ्या वेळी असते. खेळ तोच न्यावा. वेळ, जागा आणि बोली त्या घरची घ्यावी.

नातीच्या तक्त्यात 'पालक किती वेळा आले' असा रकाना आहे. म्हटलं, शेजारी आणखी एक आख, 'आपण त्यांच्याकडे किती वेळा गेलो?'

"आखते गं," म्हणाली.

माझ्या रजिस्टरातला तो शेरा मात्र मी कधी खोडला नाही. खोडायला हवा होता.