बांधून दिलेली शिदोरी

हिरवे गोल बाईंनी आधीच कापून ठेवावेत, की मुलांच्याच हातात कात्री द्यावी? खरं तर प्रश्न एवढाच. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या चित्रपुस्तकातला भुकेला सुरवंट आता आपल्याकडच्या बालवाड्यांतही रुळलाय. गोष्ट वाचून झाली की सुरवंट करायचा. हिरवे गोल अंगाचे, एक लाल गोल डोक्याचा, वर दोन शिंगं. गोल कापलेले असतात, कुठे चिकटवायचे तेही ठरलेलं असतं. मग भिंतीवर सगळे सुरवंट एकाच दिशेला तोंड करून निघतात. त्या रांगेकडे बघताना मला दर वेळी तीच म्हण आठवते : शिकवलेली अक्कल आणि बांधलेली शिदोरी फार काळ पुरत नाही.

आमच्या घरात ही म्हण सारखी कानावर पडायची. ऐकताना डोळ्यांसमोर यायची ती शिदोरी. अक्कल कधीच आली नाही. दोन भाकऱ्यांच्या मध्ये ठेचा, बाजूला कांदा, वर फडक्याची घट्ट गाठ. ती पुरत नाही म्हणून तिला नावं का ठेवायची, हे मला तेव्हाही कळायचं नाही. जन्मभर पुरावी म्हणून शिदोरी कोण बांधतं? ती पुढच्या मुक्कामापर्यंतची असते. उरली तर आंबते. शिवाय ती सहसा एकट्यानं खायची नसते. झाडाखाली बसलं की शेजारच्या फडक्यातलं लोणचं आपल्याकडे येतं, आपला ठेचा तिकडे जातो. गोपाळकाला म्हणजे तरी काय, सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवलेल्या. आणि बांधणाऱ्या हाताला खाणाऱ्याची भूक ठाऊक असते, हे तर म्हणीत कुठेच येत नाही.

कार्ल यांचं लहानपण वाचलं की ही म्हण आणखी डळमळते. जन्म १९२९चा, अमेरिकेतल्या सिरॅक्यूजचा. तिथल्या पहिलीच्या वर्गात मोठाले कागद होते, जाड ब्रश होते, भरपूर रंग होते. मुलाच्या हातात काहीतरी आहे, ते जपा, असं बाईंनी आईला शाळेत बोलावून सांगितलं. १९३५ साली कुटुंब जर्मनीत, स्टुटगार्टला परतलं. तिथे मिळाला लहानसा कागद, टणक पेन्सिल, पट्टी आणि चूक करायची नाही अशी ताकीद. पहिलीतली ती शिदोरी एवढ्यात संपायला हवी होती. ती सत्तर-ऐंशी वर्षं पुरली. पातळ टिश्यू कागद स्वतः रंगवायचे, त्यावर ब्रशनं, बोटांनी फराटे ओढायचे, मग ते कापून चिकटवायचे, ही त्यांची रीत शेवटपर्यंत टिकली. आपल्याकडे पतंगाच्या कागदावर हे छान जमतं. रंग वाळताना कागद चुरगळतो, आणि तो चुरगळलेलाच जास्त चांगला दिसतो.

पण मी अडकून पडलेय ती फ्रित्झ क्राउस यांच्यापाशी. स्टुटगार्टमधले हे चित्रकलेचे शिक्षक. वर्गात हुबेहूब, वास्तववादी चित्रं शिकवायची, असा नाझी सरकारचा हुकूम होता, आणि ते तेच शिकवत होते. एके दिवशी त्यांनी या एका मुलाला घरी बोलावलं आणि बंदी असलेल्या चित्रांच्या प्रती त्याच्यापुढे ठेवल्या. मुलगा आधी हादरलाच. त्यातली फ्रान्झ मार्क यांची चित्रं त्याच्या मनात राहिली, आणि २०११ साली कार्ल यांच्या पुस्तकात निळा घोडा आला. हे मार्क १९१६ साली व्हर्दनला जर्मनीच्याच बाजूनं लढताना मारले गेले होते. तरीही १९३७च्या म्युनिकमधल्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात त्यांच्या निळ्या घोड्यांच्या चित्राची बदनामी झाली. माजी सैनिकी अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतल्यावर ते चित्र तिथून हलवलं, आणि पुढे ते कुठे गेलं याचा आजवर पत्ता नाही.

म्हणजे वर्गात क्राउससुद्धा नेमून दिलेलेच गोल वाटत होते. बाकीच्या मुलांचं काय झालं असेल? त्यांनाही निळा घोडा बघायचा असेलच. क्राउसना एकाच मुलाची भूक दिसली, की अनेकांची दिसली आणि धोका एकापुरताच पत्करता आला? दुसऱ्या एखाद्या मुलानं घरी जाऊन सांगितलं असतं तर?

मोठा कागद द्यावा, जाड ब्रश द्यावा आणि आपण गप्प बसावं, इथवर मी आले होते. पण कोऱ्या कागदापुढे रडकुंडीला येणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यांना पहिला गोल कुणीतरी कापून द्यावाच लागतो. एक मुलगी तर सुरवंट चिकटवायचं सोडून पुस्तकात सुरवंटानं खाऊन पाडलेल्या भोकात बोट घालून बसली होती. पानापलीकडे बोट वळवळवायची आणि खुदखुदायची. बोटांवरच्या वाळलेल्या फेव्हिकॉलचे पापुद्रे निघत होते. तिचा सुरवंट मग बाईंनीच पुरा केला आणि भिंतीवर रांगेत लावला. तो इतरांसारखाच दिसतो. भरगच्च वर्ग, बाई एकट्या, कात्र्या मोजक्या. त्यांनी आणखी काय करायचं होतं, हे मला खरोखर सांगता येत नाही. त्या मुलीला त्या दिवशी काय मिळालं, हे भिंतीकडे बघून मला ठरवता येईल, असंही आता वाटत नाही.